न पाहिलेले नाटक

शिक्षक निवृत्त झाला की त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देण्याची आपल्याकडे रीत आहे. २०२२ च्या मे महिन्यात माझा एक मित्र निवृत्त झाला, तेव्हा त्याला दोन शाली आणि तीन घड्याळे मिळाली. आम्ही वसईतील एकाच आळीत वाढलेले. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पुढे तो मराठीचा शिक्षक झाला आणि गाव त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले. मी धर्मगुरू झालो. चारचौघांत तो मला ‘फादर’ म्हणतो, एकांतात ‘तू’. निरोपसमारंभ आटोपल्यावर मी त्याला विचारले, “मास्तर, माझ्याकडून काय देऊ?” क्षणभर विचार करून तो म्हणाला, “घड्याळ नको. मला एकदा पुण्याला ने. पुरुषोत्तम पाहायचंय.”

ज्यांना ठाऊक नसेल अशा वाचकांसाठी सांगतो. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मराठी एकांकिका स्पर्धा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने ती १९६३ साली सुरू केली. दरवर्षी पावसाळ्यात सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात तिची प्राथमिक फेरी चालते आणि एका संध्याकाळी लागोपाठ काही एकांकिका होतात. मराठी रंगभूमीवरील अनेक नामवंत मंडळींनी विद्यार्थिदशेत पहिले पाऊल टाकले ते याच स्पर्धेत. मास्तरांची हौस जुनी होती. तरुणपणी वृत्तपत्रांतून या स्पर्धेचे निकाल कापून ते वहीत चिकटवून ठेवीत असत. प्रत्यक्ष जाणे मात्र घडले नव्हते. शाळा, वाडी, आईचे आजारपण, मुलांची शिक्षणे यांत चाळीस वर्षे निघून गेली.

मला सवड मिळण्यासारखा वार म्हणजे मंगळवार. गणपतीच्या आधीच्या आठवड्यातील एक मंगळवार आम्ही ठरवला. पहाटेच्या लोकलने दादर गाठले आणि तेथून पुण्याची गाडी धरली. कर्जतला गाडीला मागून इंजिन लागले, मास्तरांनी खिडकीतून दोन वडापाव घेतले आणि मग घाट सुरू झाला. पाऊस कोसळत होता. बोगद्यातून गाडी बाहेर आली की एखादा धबधबा दिसे आणि मास्तर लहान मुलासारखे “ते बघ, ते बघ” म्हणत. मी मात्र थोडा गप्पच होतो. आमच्या दोघांमध्ये एक जुनी गोष्ट होती. पंचवीस वर्षांत तिचा उच्चार त्यानेही केला नव्हता आणि मीही केला नव्हता. नाटक पाहायला त्याने मलाच सोबत न्यावे, हा योगायोग आहे की आणखी काही, याचा मी मनाशी विचार करीत होतो.

पुणे मला परके नाही. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत माझ्या आयुष्याची सात वर्षे गेली. ज्ञानदीप विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे आणि ईशज्ञानाचे वर्ग, फुटबॉलचे मैदान आणि संध्याकाळची शांत प्रार्थना हे माझे पुणे. त्या पुण्यातून सायकलने शहरात नाटकाला यायचे, तर परवानगी घ्यावी लागे आणि वेळेत परतावेही लागे. त्यामुळे कितीतरी नाटकांचा शेवटचा अंक मी पाहिलेलाच नाही. पूर्वी ही गोष्ट मी विनोदाने सांगत असे. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या ती मला तितकीशी विनोदी वाटली नाही.

दुपारी पुण्यात पोहोचलो. रस्तोरस्ती गणपतीच्या मांडवांचे बांबू उभे राहत होते आणि कोठे कोठे ढोलांचा सराव चालू होता. जेवण उरकून आम्ही पायीच सदाशिव पेठेत गेलो. मास्तर भरत नाट्य मंदिरासमोर थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. ज्या संस्थेचे हे नाट्यगृह, तिची स्थापना १८९४ सालची. “इथेच १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला,” एवढेच ते म्हणाले आणि आत शिरले.

आत गोंधळ उडालेला होता. विद्यार्थ्यांनी भरलेले ते सभागृह म्हणजे नाट्यगृह की क्रीडांगण, असा प्रश्न पडावा. एका कोपऱ्यातून एका महाविद्यालयाच्या नावाची आरोळी उठे आणि तिला दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर मिळे. आमच्यासारखी पांढऱ्या केसांची माणसे फार थोडी होती. माझ्या अंगावर झगा नव्हता, तरी मला उगीचच अवघडल्यासारखे झाले. मास्तर मात्र रमले होते. शेजारच्या मुलाला त्यांनी विचारले, “बाळ, तुमचा प्रयोग कधी?” मुलगा म्हणाला, “परवा आहे काका. या ना तुम्ही.” त्या एका निमंत्रणाने मास्तरांचे पुण्याला येणे सार्थकी लागले असावे.

पडदा वर गेला आणि आरोळ्या थांबल्या. या स्पर्धेत नेपथ्याच्या थाटमाटाला महत्त्व नसते. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय पारखला जातो. एक बाक, दोन खुर्च्या, एखादी दोरी एवढ्या सामग्रीवर मुले घर उभे करीत होती. पहिली एकांकिका चटपटीत होती. दुसरी मला नीटशी कळली नाही. तिसरीत एक मुलगी आजीच्या भूमिकेत होती. वीस-एकवीस वर्षांची ती पोर पाठीला बाक देऊन बसली होती आणि परगावी गेलेल्या नातवाशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता ती अडखळली. वाक्य विसरली. एक क्षण गेला, दोन गेले. रंगमंचावर तिच्याबरोबर दुसरे कोणीही नव्हते. हातातला फोन तिने कानाशी तसाच धरून ठेवला होता.

माझ्या पोटात गोळा आला. मघाशी आरोळ्या ठोकणारी ही मुले आता काय करतील? पण कोणीही हसले नाही. कोणी शीळ घातली नाही. सबंध सभागृह श्वास रोखून तिच्यासाठी थांबले. प्रतिस्पर्धी संघांची मुलेही थांबली. आणि मग जणू आजीलाच काही आठवत नव्हते अशा थाटात तिने पदराचे टोक सारखे केले आणि पुढचे वाक्य उच्चारले. टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या असत्या तर तिची चूक उघडी पडली असती, हे त्या पोरांना न सांगता कळले होते. मी परीक्षकांच्या दिशेने पाहिले. ते खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी त्या चुकीचे काय गुण दिले असतील ते देवच जाणे. परंतु प्रयोग संपेपर्यंत त्यांपैकी कोणीही जागचे हलले नाही.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. जवळच्या एका हॉटेलात आम्ही चहा घेतला. मास्तर ‘घाशीराम’विषयी बोलू लागले. विजय तेंडुलकरांचे ते नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, मोहन आगाश्यांचा नाना फडणवीस. हे सगळे त्यांनी आयुष्यभर वाचूनच मिळवलेले. मग ते म्हणाले, “एकोणीस प्रयोग झाले आणि बंद पडलं बघ. विरोध बाहेरूनही झाला. पण थांबवलं ते घरच्यांनीच. ज्या संस्थेनं बसवलं होतं, तिच्याच वडीलधाऱ्यांनी. मग मुलांनी १९७३ साली थिएटर अकादमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढं ते परदेशातही गेलं.”

‘घरच्यांनीच’ हा शब्द उच्चारल्यावर ते थांबले. बहुधा त्यांच्याही लक्षात आले असावे. चहाच्या कपाकडे पाहत मी म्हणालो, “मास्तर, तुझी वही अजून माझ्याकडे आहे.”

वाचकहो, आता ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. साल १९९७. गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि वसई परिसरातीलच एका धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू होतो. वसईच्या वाड्या विकल्या जाण्याचे ते दिवस. हरित वसईच्या चळवळीने साऱ्या तालुक्याला जागे केले होते आणि मीही प्रवचनातून जमीन, पाणी आणि झाडे यांच्या रक्षणाविषयी बोलत असे. चर्चच्या सणासाठी तेथील तरुणांनी मास्तरांकडून एक एकांकिका लिहून घेतली. धाकटा मुलगा आईला न सांगता केळीची वाडी विकतो, अशी काहीतरी तिची कथा. दोन महिने शाळेच्या वर्गात तालमी चालल्या होत्या. सणाच्या तीन दिवस आधी रात्री एक वजनदार गृहस्थ धर्मगुरुनिवासात आले. नाटकातला दलाल म्हणजे आपणच आहोत, असे त्यांच्या कानांवर आले होते. चर्चच्या बांधकामाला त्यांनी मोठी देणगी दिलेली होती. प्रमुख धर्मगुरू आजारी होते. निर्णय माझ्यावर आला.

मी मास्तरांकडून वही मागवून घेतली. वाचतो, असे कळवले. आणि वाचली नाही. वाचून नाटक निर्दोष वाटले असते, तर मला त्या गृहस्थांसमोर उभे राहावे लागले असते. न वाचता बंद करणे सोपे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या सेवकाकरवी मी निरोप पाठवला : यंदा वेळेअभावी नाटक होणार नाही. त्यानंतर माझ्या पाच बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी पुस्तकांच्या खोक्यातून ती वही माझ्याबरोबर नव्या धर्मग्रामात गेली. टाकून देण्याची हिंमत झाली नाही, परत करण्याचीही नाही आणि उघडण्याची तर नाहीच.

हे सारे मी मास्तरांना सांगितले. देणगीचेही सांगितले. ते त्यांना ठाऊक होते. पंचवीस वर्षे समेटाच्या संस्कारासाठी मी दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकत आलो आहे. त्या हॉटेलच्या ओल्या टेबलाशी बसून बोलताना मला जितके जड गेले, तितके फार थोड्यांना गेले असेल. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “नाटक बंद केलंस त्याचं मला एवढं वाटलं नाही. तुझी अडचण होती. पण त्या पोरांना तू स्वतः येऊन सांगायला हवं होतंस. अकरा जणं होती. संध्याकाळी तालमीला आली तेव्हा वर्गाला कुलूप. आईचं काम करणारी मुलगी पायरीवर बसून रडली. मी त्यांना काय सांगणार होतो? वेळेअभावी?”

“मग तू पुन्हा काही लिहिलंस?”

“शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाटुकली लिहिली ना पुष्कळ. झाडं लावा, पाणी वाचवा. स्वतःचं असं काही नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बुधवारी सकाळी आम्ही नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्सेला गेलो. पुण्यातील हे सर्वांत जुने कॅथोलिक मंदिर. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या लष्करातील ख्रिस्ती मंडळींसाठी १७९२ साली दिलेल्या जागेवर ते उभे आहे. खरा घाशीराम सावळदास, पुण्याचा कोतवाल, लोकांच्या क्षोभात मारला गेला तो त्याच्या आदल्याच वर्षी, १७९१ साली. आणि दोन्ही वेळी पुण्याचा कारभार पाहत होते ते नाना फडणवीसच. मास्तर हे मला बाकावर बसल्या बसल्या कानात सांगत होते आणि मी त्यांना ‘गप्प’ अशी खूण करीत होतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातही आमचे असेच चाले.

मिस्सा संपल्यावर मी तेथेच थोडा वेळ बसलो. नाटक आणि ख्रिस्तसभा यांचे नाते मला आठवत होते. युरोपातील मध्ययुगीन नाटकाचा उगम दहाव्या शतकात वेदीजवळच झाला, हे आम्हाला सेमिनरीत शिकवले होते. पुनरुत्थानाच्या सणाला रिकाम्या कबरीपाशी आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांचा छोटासा संवाद मठवासी साभिनय म्हणत असत. ज्या घरात नाटक जन्मले, त्याच घराने पुढे त्याला दाराबाहेर उभे केले. फ्रान्सच्या मोलिएरने ‘तार्तूफ’ नावाच्या नाटकात एका ढोंगी धार्मिकाचे चित्र रंगवले, तेव्हा १६६७ साली पॅरिसच्या महागुरुस्वामींनी ते पाहणाऱ्याला, वाचणाऱ्याला, वाचलेले ऐकणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी दिली. १६७३ साली मोलिएर वारला. तेव्हा त्याच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूने त्याला ख्रिस्ती दफन नाकारले. राजाकडे दाद मागितल्यावर ते रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता उरकावे लागले. वर्गात हे ऐकताना त्या धर्मगुरूची मला कीव आली होती. काळ मात्र अशा धर्मगुरूंना पुन्हा पुन्हा जन्माला घालतो.

आणि त्याच ख्रिस्तसभेने एका नटाला पेत्राच्या आसनावरही बसवले. १९८६ साली पुण्यात येऊन गेलेले पोप जॉन पॉल दुसरे हे तरुणपणी क्राकूव शहरात, नाझींच्या अमलाखाली चोरून चालणाऱ्या एका नाट्यमंडळीत काम करीत असत. पकडले गेले असते तर प्राणाशी गाठ होती. पडदा नाही, वेष नाही, कोणाच्या तरी घरात मोजक्या श्रोत्यांसमोर उच्चारलेला केवळ शब्द. १९९९ साली त्यांनी जगातील कलावंतांना एक सुंदर पत्र लिहिले. ते पत्र मी एका सभेत वाचून दाखवले होते. त्या वेळी ती वही शेजारच्या खोलीतच होती.

परतल्यावर त्याच रात्री मी खोके उघडले. वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, अक्षर मात्र शाबूत होते. बत्तीस पाने. तासाभरात वाचून झाली. त्या तासाभरासाठी मी पंचवीस वर्षे लावली होती. दलालाच्या तोंडी उणीपुरी दहा वाक्ये होती. सौद्याचे कागद घेऊन तो येतो, म्हातारी त्याला ओळखत नाही, पाहुणा समजून केळी खायला देते. आणि कागद पुढे न करताच तो उठून जातो. साऱ्या नाटकात लाज वाटते ती त्या एकट्यालाच. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्या दिवशी मी वही वाचली असती, तर त्यांना समोर बसवून हा प्रवेश वाचून दाखवता आला असता. कदाचित ते पहिल्या रांगेत येऊन बसले असते. मी नाटक बंद करून त्यांची अब्रू राखली असे समजत होतो. प्रत्यक्षात त्यांच्याविषयी लिहिली गेलेली एकमेव दयेची गोष्ट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली.

नाटक फार मोठे होते असे मी म्हणणार नाही. उत्तरार्ध लांबला आहे, थोरल्या मुलाची भाषणे प्रवचनासारखी झाली आहेत. (ती माझ्याच प्रवचनांवरून घेतली असावीत, असा मला दाट संशय आहे.) त्या वर्षी सप्टेंबरात वृत्तपत्रांत एक बातमी आली : पुरुषोत्तम करंडकाला पात्र ठरेल अशी एकही एकांकिका परीक्षकांना आढळली नाही आणि मानाचा करंडक कोणालाच दिला गेला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. मुलांना किती वाईट वाटले असेल, ते मी समजू शकतो. मला मात्र त्या सभागृहातील खाली मान घालून लिहिणारे परीक्षक आठवले. त्या स्पर्धेत नकार मिळाला, पण तो शेवटचा पडदा पडल्यावर मिळाला. मी दिलेल्या नकारात पहिला पडदाही वर गेला नव्हता.

आता माझ्या धर्मग्रामात सणाचे नाटक असले, नाताळचा देखावा असला, तरुणांचे पथनाट्य असले आणि कोणी तक्रार घेऊन आले, तर मी त्यांना म्हणतो, “चला, आपण दोघेही तालमीला जाऊन बसू. मग बोलू.” बरेच जण येत नाहीत. जे येतात, त्यांना मुले चहा देतात. एकदा एक प्रवेश मी बदलायलाही सांगितला आहे. मुले चिडली, आम्ही तासभर भांडलो आणि शेवटी त्यांनी तो बदलला. ते भांडण मला फार मोलाचे वाटते.

वही मी मास्तरांच्या घरी नेऊन दिली. ओटीवर झोपाळ्यावर बसून त्यांनी ती उघडली. त्यांची पत्नी म्हणाली, “फादर, बसा ना, चहा टाकते.” मी काही तरी बोलायला गेलो, पण मास्तरांचे लक्षच नव्हते. चष्मा वर सरकवून ते पहिले पान वाचत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तांबडे पेन काढले आणि चौथ्या ओळीतली ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दुरुस्त केली. “काय हे,” स्वतःशीच पुटपुटले, “मराठीचा मास्तर म्हणे.” आणि पान उलटले.